बोगद्यावरचं जुनिपर

तुम्हाला पटो न पटो, हे घडलंय. नेस्टा मनाचं सांगणारी बाई नाही. बावीस वर्षं मी तिच्या शेजारी राहतोय.

वेल्समधलं आमचं डोंगरातलं गाव. गेल्या ऑक्टोबरचा दुसरा रविवार. दुपारचे तीन. लख्ख ऊन.

तिच्या नवऱ्याने, एमरिसने, परसात छोटी आगगाडी उभी केली होती. रूळ, स्टेशन, दोन हात लांबीचा बोगदा. फक्त झाडं राहिली होती. म्हणून सकाळी दोघं रोपवाटिकेत गेले.

"गोल गुबगुबीत नको," एमरिस म्हणाला. "असावं फूटभर, पण गाडीशेजारी शंभर वर्षांचं वाटलं पाहिजे."

"मग तूच उभा राहा की तिथे!"

कोपऱ्यात जुनिपरचं एक झुडूप होतं. वाकडं, पिळवटलेलं.

रोपवाटिकेची म्हातारी कुरकुरली. "ते कोसळून बंद पडलेल्या रेल्वेच्या बोगद्यावरून खणून आणलंय. दुसरं घ्या."

एमरिसने तेच घेतलं. घरी येऊन बोगद्याच्या माथ्यावर लावलं. शोभलंही.

मग गाडी सोडली. खडखडत ती बोगद्यात शिरली...

आणि आवाज बंद.

गाडी बाहेर आलीच नाही.

"घसरली वाटतं." एमरिसने खांद्यापर्यंत हात आत घातला. "लागत नाही गं हाताला. तू पलीकडून बघ."

नेस्टा पलीकडे जाऊन ओणवी झाली. हात आत सारला.

आत गारठा होता... ओला गारठा.

बोटांना बोटं लागली.

तिने हसून ती धरली. "सापडलास! किती गार पडलाय रे हात."

तिने हात जरा ओढला.

"सोड आता. पुरे झाली चेष्टा."

पकड घट्ट झाली...

"कुणाशी बोलतेस?"

आवाज मागून आला.

एमरिस तिच्या पाठीमागे उभा होता. शेडमधून बॅटरी आणायला गेला होता तो.

नेस्टा किंचाळली. हिसका देऊन तिने हात सोडवला.

एमरिसने पहारीने बोगदा फोडला. आत गाडी रुळांवर नीट उभी होती. बाकी काही नाही.

संध्याकाळी जुनिपर परत नेलं. म्हातारीने लगेच ठेवून घेतलं.

परवा नेस्टा माझ्याकडे चहाला आली होती. कप तसाच गार झाला. ती तळहात चोळत बसली होती.

"ते मला आत ओढत नव्हतं रे," ती एकदम म्हणाली. "बाहेर काढा म्हणून धरतात ना... तसं धरलं होतं.

आणि मी सोडून दिलं."