कुरकुर न करण्याचा नेम

"चार महिने 'दमले' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. नेम म्हणजे नेम."

आईला जाऊन तेवीस वर्षं झाली, तरी दर चातुर्मासात इंदुमतीला हे बोलणं जसंच्या तसं ऐकू येई. आज प्रयोगशाळेचा जिना चढताना ती ते मुद्दाम आठवत होती. आज कोणावर तरी ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायची तिला सवय नव्हती.

जालन्याजवळच्या या दूरचालन केंद्रात बसून बायका चंद्रावरची खोदाईयंत्रं चालवत. इंदुमती चौधरी तिथली पाळीप्रमुख. चार दिवसांपूर्वी तिच्या पाळीतली भागीरथी ढोबळे खुर्चीतच कोसळली. अर्धं अंग गेलं. आज सकाळी रुग्णालयात वाकड्या झालेल्या तोंडाने ती एवढंच म्हणाली होती, "ताई, मला झोप नव्हती आली. त्या पट्टीच्या यंत्राला सांगा तेवढं."

"सांगते," इंदुमतीने शब्द दिला होता.

चालिकांचा शीण मोजणारं यंत्र सांभाळणारे डॉ. श्रीरंग खांबेटे तिला पाहून चहा मागवू लागले.

"आज सोमवार, कडक उपास आहे. आणि चहा प्यायला मी आलेही नाही. भागीची नोंद दाखवा."

खांबेट्यांनी पडदा उजळला. या शीणमापकाची पट्टी चालिकांच्या मनगटावर रात्रंदिवस असे. नाडी, साखर, बोटांचा कंप वाचून ती पाचांपैकी एक इंग्रजी शब्द देई: फ्रेश, टायर्ड, स्लीपी, वीअरी, एक्झॉस्टेड.

"आपण सरसकट दमलो म्हणतो," खांबेटे समजावू लागले. "उपाय मात्र वेगळे. टायर्ड माणूस घटकाभर बसला की सावरतो. स्लीपी असेल त्याला जागं करायचं. वीअरी म्हणजे त्याच त्या कामाने जीव विटलेला, तो झोपून उठला तरी तसाच. त्याचं काम बदलायचं. आणि एक्झॉस्टेड म्हणजे तळ लागलेला. त्याला उठवून घरी पाठवायचं. शब्द चुकला की उपाय उलटा पडतो."

"भागीला कुठला शब्द दिला?"

"स्लीपी."

"मग काय केलंत?"

"डोळ्यांवर पांढरा झोत. मानेवर गार वारा. खुर्चीला हादरे."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

इंदुमतीने पदर सारखा केला. आवाज चढला नाही, उलट आणखी खाली आला. "तळ लागलेल्या बाईला तुम्ही चाळीस मिनिटं हलवून हलवून जागं ठेवलंत. आणि अहवालात लिहिलंत की ती कामावर पेंगत होती."

"मी नाही, यंत्राने ठरवलं."

"यंत्र आईच्या पोटातून शिकून येत नाही, डॉक्टर. कोणी शिकवलं त्याला?"

"सहा वर्षांपूर्वी तुम्हा अकरा जणींना पट्ट्या बांधल्या होत्या. दर तासाला आपली अवस्था सांगणाऱ्या शब्दावर बोट ठेवायचं. अंगाची खूण आणि तोंडचा शब्द, अशी जोडी यंत्र शिकतं. दहा जणींच्या जोड्या जुळेनात. त्याच खुणेला आज टायर्ड, उद्या एक्झॉस्टेड. एकीची नोंद मात्र चार महिने रेषेत. तीच आधार धरली."

"आणि तिचंच चुकलं असेल तर?"

"चुकणारा माणूस इतका एकसारखा चुकत नाही."

"दाखवा."

पडद्यावर नाव नव्हतं. दर सोमवारी साखर खाली गेलेली, हाताला कंप. महिन्याच्या दोन्ही एकादश्यांना तेच. रोज पहाटे पाचला नाडी पंधरा मिनिटं संथ, जपाला बसल्यासारखी. पाळी संपतानाच्या खुणा भागीरथीच्या शेवटच्या तासावर ठेवल्या तर तंतोतंत बसत होत्या, आणि त्यांच्यापुढे प्रत्येक वेळी एकच शब्द होता, स्लीपी. टायर्डचा रकाना रिकामा. वीअरीचा रिकामा. एक्झॉस्टेडचाही. नोंद आषाढ ते कार्तिक.

झोप आली म्हणणं ही काही कुरकुर नव्हे, असं इंदुमतीने तेव्हा मनाशी ठरवलं होतं. झोप तर तान्ह्या बाळालाही येते. दमले म्हटलं असतं तर नेम मोडला असता.

"ही मी आहे," ती म्हणाली.

खांबेटे टेबलाकडे पाहत राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"तुम्ही कधीच कुरकुर करत नाही, इंदूताई. म्हणून तर..."

"म्हणून सोयीची होते." तिने पडद्यावरच्या रिकाम्या रकान्यांकडे बोट केलं. "मी खरं सांगितलं नाही, ते माझं पाप. देवापुढे मी बघेन. पण बाई उपाशीपोटी बारा तास बसते आणि चार महिन्यांत एकदाही दमत नाही, हे शिकल्यासवरल्या माणसाला खरं वाटलं? की खरं वाटून घेतलंत?"

खांबेट्यांनी पडद्यावरची नोंद मिटली.

"त्याला पुन्हा शिकवायला काय लागतं?"

"तेच शरीर, नवे शब्द. दुसरं माणूस घेतलं तर जुना आधार पुसला जात नाही. पण इंदूताई, या वयात? तळ लागेपर्यंत बसावं लागेल."

"उपास आहे. लवकर लागेल."

नेम सुटायला, कार्तिकी एकादशीला, अजून बावीस दिवस होते. तिने टेबलावरची पट्टी उचलून स्वतःच मनगटाला बांधली.

"झोत, वारा, हादरे, सगळं बंद ठेवा. आणि मी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं की मला उठवायचं. उठवाल ना?"

खांबेट्यांनी मान डोलावली.

"भागीला कोणी उठवलं नव्हतं, म्हणून विचारलं."

जिना उतरून ती खालच्या दालनात आली. भागीरथीची खुर्ची चार दिवस रिकामीच होती. आईला मनातल्या मनात नमस्कार करून इंदुमती त्या खुर्चीत बसली, आणि पहिल्या तासाचा प्रश्न पडद्यावर येताच तिने वीअरीवर बोट ठेवलं.