धुरातले फटके

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या आजोबांच्या डोळ्यांदेखत घडलंय.

१९३८ सालचा माघ महिना. लोंढ्याजवळ रेल्वेलाइनला लागून असलेलं रान. माझे आजोबा भरमू आणि त्यांचे थोरले भाऊ मष्णू जंगलखात्याच्या कामावर होते. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून रानाच्या कडेचा वाळक्या गवताचा पट्टा आधीच जाळून टाकायचा, हे त्यांचं काम.

जाळायला काय, काडी पुरते. अवघड असतं ते धूर सांभाळणं. लाइनवर धूर बसला तर गाडीच्या ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. वाडीत शिरला तर पोरं-म्हातारी खोकून बेजार. म्हणून आधी मूठभर गवत पेटवून धूर कुठं जातो ते बघायचं. तो सरळ वर गेला तरच पट्टा पेटवायचा. आग भलतीकडे सरकली की ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवायची.

आदल्या वर्षी वारा फिरला आणि गुंडू नावाचा गडी पेटला. मष्णूने त्याला डहाळीने झोडपलं. आग विझली, पण मष्णूचा हात थांबला नाही. गुंडू भाजून मेला की मार खाऊन, हे वाडीत कुणी उघड बोललं नाही.

त्या दिवशी मष्णूने मूठभर गवत पेटवलं. धूर सरळ वर गेला.

"बेस हाय. लाव रं भरमू."

आजोबांनी काडी लावली. पट्टा धडाडून पेटला. धूर झाडांच्या वर चढला...

आणि तिथंच थांबला.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. पाखरं गप्प झाली. मग आगीची तडतडही ऐकू येईना.

धूर खाली उतरू लागला. लाइनकडे गेला नाही. वाडीकडे गेला नाही...

तो मष्णूकडे गेला.

"आण्णा, पळ! हिकडं ये!"

धुराने मष्णूला पुरता झाकला. आत साधा खोकलाही नाही.

मग आवाज आला...

सप्प!

ओल्या डहाळीचा फटका. बाकीचे गडी तर पट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते.

सप्प! सप्प!

मष्णू किंचाळला. "मारू नगंस रं गुंडू! मी पेटलो न्हाय! पेटलो न्हाय रं!"

त्यावर कुणीतरी शांतपणे बोललं...

"अजून विझला न्हाईस."

आजोबा तसेच धुरात घुसले. चाचपडत भावाचा हात धरला. कानाजवळून फटके जात होते, पण त्यांना एकही लागला नाही. ते ओढत होते आणि पलीकडूनही कुणीतरी ओढत होतं. मष्णूचा खांदा कटकन निखळला. तरी आजोबांनी हात सोडला नाही.

बाहेर काढला तेव्हा पाठीची सालटी लोंबत होती. पुढचे दात पडले होते. रक्तात हिरवी पानं चिकटली होती. अंगावरचा एक केससुद्धा जळला नव्हता.

भाऊ वाचला, असं आजोबांना वाटलं. खांद्यावर टाकून त्यांनी त्याला घरी आणलं, बाजेवर निजवलं आणि सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं.

"भरमू, पेटलोय मी. विझव मला."

आजोबांनी घागरभर पाणी ओतलं.

"पानी नगं रं... डहाळी घे."

दिवस मावळेपर्यंत तो हेच ओरडत होता. सगळी वाडी बाहेर उभी राहून ऐकत होती. दिवेलागणीला आवाज बंद झाला. दार उघडलं तेव्हा मष्णू मेलेला होता. बाजेपाशी ओली डहाळी पडली होती.

ते काय होतं, मला आजही कळत नाही.

एकदा मी धीर करून आजोबांना विचारलं, "दार लावल्यावर आत काय झालं?"

"त्येला लई भाजत होतं रं," एवढंच ते म्हणाले.