मागच्या सीटचा बेल्ट

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. फक्त माझ्या नणंदेसमोर हसू नका.

रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. गेल्या मे महिन्यातला रविवार, दुपारचा दीड, लातूर-रेणापूर रस्ता. लेकरू झोपलंय तोवर लिहून काढते. स्वप्नालीनं सांगितलं तसंच. माझ्या पदरचं काही नाही.

स्वप्नाली माझी नणंद. सत्तावीस वर्षांची. नांदेडला आमच्यासोबतच राहते, चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दोन वर्षांमागं तिचा साखरपुडा मोडला. तेव्हापासून कुणाच्या लग्नाला जायचं म्हटलं की नेमकं तिचं डोकं दुखायचं.

मग तिनं गुपचूप डेटिंग ॲप घेतलं. तिथं भेटला अमरनाथ. उदगीरचा म्हणे. फोटोत कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. पहिलाच मेसेज होता, "शरणार्थ."

आम्ही लिंगायत. मोठ्यांना भेटलं की आम्ही हेच म्हणतो. एका अनोळखी माणसानं तो शब्द लिहिला आणि स्वप्नालीला वाटलं, हा आपल्यातलाच. मग तिनं दुसरं काही विचारलंच नाही. दीड महिन्यात त्यानं एकदाही व्हिडिओ कॉल घेतला नाही. "नेटवर्क न्हाई ग इकडं." तेही तिला खरं वाटलं.

भेटायचं ठरलं लातूरला, गंजगोलाईतल्या एका गजबजलेल्या हॉटेलात. घरी ती एवढंच म्हणाली, "वहिनी, मैत्रिणीकडं चालले. संध्याकाळच्या गाडीनं येते."

मी शेंगापोळ्यांचा डबा भरून दिला. दोघींना पुरेल एवढा.

ती लातूरला उतरली आणि मेसेज आला. 'गोलाईत गाडी लावायला जागा नाही. स्टँडच्या बाहेर उभा आहे. पांढरी कार.'

ती जाऊन बसली. समोर, त्याच्या शेजारी.

तो फोटोपेक्षा बराच मोठा वाटत होता. बोलायला गोड. "मामीनं जेवायला बोलावलंय. रेणापूरच्या अलीकडं शेत हाय."

"पण हॉटेलात ठरलं होतं ना?"

"हॉटेलवाला काय तुझा सोयरा हाय? मामी वाट बघून राहिली. दे, तुझ्या फोनवरून सांगतो तिला. माझा बंद पडलाय."

तिनं फोन दिला.

दोन वाक्यं बोलून त्यानं फोन खिशात टाकला. स्वतःच्या.

लातूर मागं पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. नुसतं ऊन.

आणि…

टिंग… टिंग… टिंग…

बेल्ट लावला नाही की गाडी वाजते, तो आवाज. स्वप्नालीनं आपला बेल्ट पाहिला. लावलेला होता. त्याचाही लावलेला होता.

स्टिअरिंगपुढं एक लाल दिवा लुकलुकत होता. मागच्या सीटचा. डावीकडच्या.

मागं कुणीच नव्हतं.

"मागं काही सामान आहे का?"

"न्हाई. सेन्सर बिघडलाय. दोनदा दुरुस्त केला तरी वाजूनच राहिला." तो हसला. पण त्यानं आरशात बघितलं नाही. एकदाही नाही.

टिंग… टिंग…

खट्.

आवाज थांबला. दिवा विझला.

मागं कुणीतरी बेल्ट लावला होता.

स्वप्नालीला मान वळवायचा धीर होईना. बाहेर बेचाळीस डिग्री, गाडीचा एसी बंद, आणि तिच्या मानेवर मागून गार श्वास येत होता… संथ.

तिनं नजर समोर ठेवली. तेव्हा तिला दिसलं, आरशाला काहीतरी लोंबत होतं. इष्टलिंगाची डबी. लहानशी, बायका घालतात तशी. गाडी वळली की डबी बाजूला झुकायला हवी.

ती मागं झुकत होती. प्रत्येक वळणावर मागंच.

"ही कुणाची?"

"आईची. गेली बिचारी. आठवण म्हणून ठेवून घेतली."

"आत इष्टलिंग आहे?"

"असणारच की."

स्वप्नालीला आजी आठवली.

तिची आजी, रत्नम्मा, गेली तेव्हा स्वप्नाली अकरा वर्षांची होती. आमच्यात जाळत नाहीत. आजीला बसवलं, तिचं इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवलं आणि तसंच मातीत दिलं. आयुष्यभर अंगावरून उतरवायचं नाही आणि जाताना सोबत न्यायचं. ते कुणी ठेवून घेत नाही. आठवण म्हणून तर नाहीच नाही.

हा आपल्यातला नव्हता. आणि जिची ती डबी होती, तिला कुणी रीतीनं माती दिली नव्हती.

"जरा थांबवता का? मळमळतंय."

"आलंच की."

गाडी कच्च्या रस्त्याला लागली. पुढं पत्र्याचं शेड, लोखंडी फाटक. मामी नव्हती. चुलीचा धूर नव्हता. भुंकायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

तो उतरला, बाहेरून गाडी लॉक केली आणि फाटकाचं कुलूप काढायला गेला. साखळी खळखळली.

तिनं दार ढकललं. उघडेना. काचेवर बुक्क्या मारल्या. त्यानं वळून पाहिलं आणि हसला. घाई नव्हती त्याला.

खट्.

मागचा बेल्ट निघाला.

आणि मागचं दार… सावकाश… उघडलं.

स्वप्नाली दोन सीटांच्या मधून मागं घुसली. हात टेकला तिथं माती होती. ओली. गार. मे महिन्यात!

ती बाहेर पडली आणि धावत सुटली. चप्पल राहिली, पर्स राहिली, डबा राहिला. मागं तो ओरडत होता. आधी रागानं. मग… दुसऱ्याच कशानं तरी.

रस्त्याच्या कडेला लिंबाखाली भामाबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. तिनं स्वप्नालीला हाताला धरून बसवलं. "कुणाची ग बाय तू? अशी अनवाणी? पी, दमानं पी."

स्वप्नाली पाणी प्याली. मग म्हातारीनं तांब्या तिच्या शेजारी पुढं केला.

"अन् तुला ग? तुला न्हाई का तहान? मातीनं भरलीस की सगळी."

शेजारी कुणीच नव्हतं.

भामाबाईकडं बटणांचा फोन होता. स्वप्नालीला पाठ असलेला एकच नंबर माझा. लेकरू कडेवर होतं माझ्या. पलीकडून नुसतं "वहिनी… वहिनी…" एवढंच.

माझा नवरा शिवप्रसाद तसाच लातूरला निघाला. पोलिसांत तक्रार दिली. शेडपाशी कुणी नव्हतं, फाटक सताड उघडं. नंबर बंद. ॲपवरचा अमरनाथ पुसला गेलेला.

घरी आणल्यावर मी तिला न्हाऊ घालायला बसले. केस बाजूला केले आणि माझे हात थांबले.

तिच्या गळ्यात दोन दोरे होते. एक तिचा. दुसऱ्यात ती लहानशी डबी.

आरशाला हात लावला नव्हता, हे ती आजही शपथेवर सांगते.

डबीच्या मागं ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं. शिल्पा.

डबी पोलिसांकडं दिली. देताना स्वप्नाली साहेबांना म्हणाली, "ती सापडली तर हे तिच्या तळहातावर ठेवा. डाव्या." साहेबांनी मान हलवली. कुठली शिल्पा, अजून कुणाला माहीत नाही.

त्यानंतर आमच्या गाडीतही सुरू झालं. मी पुढं, लेकरू मांडीवर. मागं स्वप्नाली एकटी, आणि डाव्या सीटचा दिवा. टिंग… टिंग… शिवप्रसादनं गाडी दाखवून आणली. काही बिघाड नाही. स्वप्नाली हात लांबवून रिकाम्या सीटचा बेल्ट लावायची. खट्. "चल, दादा."

आम्हाला सवय झाली होती. खरं सांगते, मला आधारच वाटायला लागला होता.

गेल्या महिन्यात एका दिवशी दिवा लागलाच नाही. स्वप्नाली त्या सीटकडं बघत राहिली.

त्याच आठवड्यात दुकानातली नवी मुलगी लाजत लाजत मोबाईल घेऊन तिच्याकडं आली. तोच चेहरा. नाव वेगळं, गाव वेगळं. यावेळी त्या मुलीच्या घरचा देव त्याच्या गळ्यात होता. "ताई, आपल्यातलाच आहे. रविवारी भेटायचं ठरलंय."

स्वप्नालीनं तिला जाऊ दिलं नाही. पुन्हा पोलिसांत गेली, फोटो दिले.

ती मुलगी वाचली. पण आमच्या गाडीतला दिवा अजून लागत नाही.

म्हणजे शिल्पा परत आलेली नाही. तिला अजून त्याच्या गाडीत, दुसऱ्या कुणा मुलीच्या मागं बसावं लागतंय…