चौथा ठिपका

चिमट्यात पत्रा यायचा, तो कोयता आला.

सावळाराम मिस्त्री दोन पावलं मागं सरले. बारामतीत त्यांचा बादल्या-घमेल्यांचा छोटा कारखाना होता. जस्त चढवण्याआधी गंजके पत्रे तेजाबाच्या लाकडी टाक्यात बुडवायचे, ही तिथली रोजची रीत. आज टाक्यातून मूठ नसलेलं पातं निघालं, नव्यासारखं लखलखीत. मुठीच्या जागेजवळ चार बारीक ठिपके ठोकलेले होते.

मिस्त्रींनी तडक ठाण्यात निरोप धाडला. परवाच इंदापूरच्या वाटेवर, कालव्याच्या कडेला, पाळीचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी गेणबाला कुणीतरी कोयत्यानं तोडलं होतं. प्रेताशेजारी सापडलं कुंडलिकचं मुंडासं. कुंडलिक याच टाक्यावर कामाला, आणि आता कोठडीत.

"झालं, साहेब," हवालदार म्हणाला. "हत्यारपण त्याच्याच टाक्यात. आता फास चुकत न्हाय."

फौजदार रामहरी कदम टाक्याशी उभे राहून सुपारी कातरत राहिले. घराला आग लागली तरी साहेब आधी सुपारी फोडतील, असं ठाण्यात म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं.

"मिस्त्री, दोन दिवस हे तेजाबात होतं. विरघळलं कसं नाही?"

"औषध हाय की! गेल्या दिवाळीला मुंबईस्नं आणलं. डांबराच्या तेलातनं काढत्यात म्हणं. पेलाभर घातलं की तेजाब गंज तेवढा खातं. आतल्या लोखंडाला शिवत न्हाय."

"घालतं कोण?"

"कुंडलिकच."

फौजदारांनी सुपारी तोंडात टाकली आणि कोठडी गाठली.

कुंडलिकचे डोळे सुजले होते. "मुंडासं माझंच, साहेब. आठवडी बाजारात हरवलं हुतं."

"गेणबाशी भांडण होतं?"

"पाण्याच्या पाळीवरनं. त्याच्यावर माझा जुना राग हुता. माझं लगीन ठरलेलं. त्यानं पोरीबद्दल कायबाय सांगितलं, मी सुपारी फुटलेली सोयरीक मोडली. मागनं कळलं, समदं खोटं हुतं."

"पोरीचं काय झालं?"

कुंडलिकनं मान खाली घातली. "हिरीत उडी घेतली."

"आणि टाक्यावर तुझ्याआधी कोण होतं?"

"दत्तोबातात्या. दोन वर्सं झाली सोडून. कऱ्हाटीला असत्यात."

कऱ्हाटीला दत्तोबा दारात बसून विळ्यानं कडवळ कापत होता. विळ्यावर तीन ठिपके.

"ही खूण कसली?"

"घरची. उसाच्या फडावर हत्यारं येकमेकांत जात्यात. लोहाराकडनं ठोकून घेतो."

"तेजाब लोखंड खातं म्हणे?"

"खातं म्हंजी? माझ्या येळंला सांडशी पडली टाक्यात. दोन दिसांनी काढली तर काडी उरली हुती, काडी!"

"घरात कोण असतं?"

"कोण न्हाय."

आत भिंतीवर एक रिकामी खुंटी होती. तिच्याखाली चुन्यावर गंजाचा वाकडा डाग पडला होता. बरीच वर्षं तिथं काहीतरी टांगलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी फौजदारांनी सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. दोन वाडग्यांत तेजाब ओतलं. एकात मिस्त्रींच्या बाटलीतलं काळपट औषध घातलं, दोन्हींत एकेक खिळा टाकला. बिनऔषधाचा वाडगा फसफसू लागला. दुसरा चिडीचूप.

"ज्यानं कोयता टाक्यात टाकला, त्याला वाटलं तो विरघळेल," फौजदार म्हणाले. "हत्यार विहिरीत टाकलं तर गळ टाकून काढतात, कालव्यात टाकलं तर पाणी बंद झालं की तळाला दिसतं. तेजाबातून मात्र काही परत येत नाही. कुंडलिक असं करेल? औषध तर तोच घालतो! मिस्त्रींनाही ते ठाऊक. म्हणजे हा माणूस टाकं ओळखतो, पण औषध येण्याआधीच इथलं काम सोडून गेलेला. असा एकच आहे. दत्तोबा, तुम्ही."

फौजदारांनी कोयता हवालदाराच्या हाती दिला.

"मुंडासं बाजारात तुम्हीच उचललंत. कोयता खुंटीवरून काढलात, चांगला गंजलेला. विरघळून काडी उरली असती, तर तीही कुंडलिकच्याच माथी बसली असती. पण औषधानं घात केला. गंज गेला आणि खूण वर आली."

हवालदारानं कोयता उन्हात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "साहेब, इळ्यावर तीन ठिपकं. ह्याच्यावर चार हायेत. खूण जुळत न्हाय."

"बरोबर," फौजदार म्हणाले. आज त्यांच्या हातात अडकित्ता नव्हता. "दत्तोबा, एवढंच म्हणा, हा कोयता माझ्या घरचा नाही. माझ्याकडं दुसरा पुरावा नाही. मी तुम्हांला सोडून देईन."

दत्तोबानं हात पुढं केला. हवालदारानं फौजदारांकडं पाहिलं, मग कोयता त्याच्या हाती दिला. म्हाताऱ्याचं बोट ठिपक्यांवरून फिरत चौथ्यावर थांबलं.

"धा वर्सांची हुती," तो म्हणाला. "लोहाराच्या दारात अडून बसली. 'बा, माझी खूण येगळी पायजे.' म्हणून ह्यो चौथा." त्याचे डोळे भरले. "न्हाय म्हणवत, साहेब. माझ्या सारजाचा हाय ह्यो."

मग दत्तोबाचे डोळे कुंडलिककडं वळले आणि त्यांतलं पाणी आटलं.

"त्या गेणबानं लेकीचं नाव नासवलं. ह्यानं इचारलंसुदिक न्हाय, दारात येऊन सोयरीक मोडली. त्याला तिचा कोयता, ह्याला सरकारचा दोर, असं ठरवूनच निघालो हुतो. येक काम झालं. येक राहिलं."

"तात्या..." कुंडलिकनं हात जोडले.

"हात नको जोडू. लेक गेल्यापासनं त्या कोयत्याला हात लावला नव्हता मी. गंजात तिची खूणपण दिसंना झाली हुती. तू तुझ्या औषधानं ती परत काढलीस." दत्तोबानं धोतराच्या सोग्यानं पातं पुसलं आणि फौजदारांच्या हवाली केलं. "म्या फासावर सुटंन. तू रोज त्या टाक्यात हात घाल, आन् रोज तिला बघ."

कुंडलिक सुटला. मिस्त्रींनी त्याच दिवशी कामावर यायला सांगितलं. पण टाक्याजवळ तो पुन्हा कधी गेला नाही.