तीन नंबरच्या गाळकाची तब्येत

तीन नंबरचा गाळक नोव्हेंबरात बदलला आणि प्रकरण मिटलं. कारखान्याच्या नोंदीप्रमाणे मात्र हा गाळक कधी तुंबलाच नव्हता. म्हणजे मिटायला प्रकरणच नाही. तेव्हा काही घडलेलं नाही असं धरूनच सांगतो.

आमच्या बेत्सुकाई गावात माणसांपेक्षा गायी जास्त. चीज केल्यावर उरणारी पिवळट निवळी आमच्या विभागात येते. ती आम्ही दाबानं पडद्यातून गाळतो. पाणी पलीकडे जातं, प्रोटीन अलीकडे राहतं, आणि त्यातलं थोडं पडद्याला चिकटून बसतं. रोज चिकटतं, रोज कॉस्टिक सोड्यानं धुवायचं. मग साधं पाणी सोडून धार मोजायची. ती पहिल्याइतकी आली की पडदा स्वच्छ. गरम दुधावरची साय पाहिली तरी मला मळमळतं, आणि नोकरी मिळाली ती ही.

सकाळी कपडे बदलले की प्रत्येकानं तब्येतीचा तक्ता भरायचा. ताप, जुलाब, हाताला जखम. खाली सहीऐवजी आपल्या नावाचा लाल शिक्का. एका सोमवारी मला लहर आली आणि तीन नंबरच्या गाळकाच्या नावानं मी एक जादा तक्ता भरला. ताप पन्नास अंश. जुलाब सतत. जखम नाही. जन्मतारीख सुचेना म्हणून माझीच टाकली. शिक्काही माझ्याशिवाय कुणाचा मारणार? वाटलं, गटप्रमुख शिराहाता-सान तो कागद माझ्या डोक्यात हाणतील. त्यांनी एकही रकाना रिकामा नाही एवढं पाहिलं आणि शेजारी आपला शिक्का मारला. दुपारपर्यंत विभागप्रमुखांचाही बसला.

मंगळवारी धुतल्यावर तीन नंबरची धार शंभराला ऐंशी आली. बुधवारी चौसष्ट. सोडा झाला, आम्ल झालं, प्रोटीन पचवणारं औषध झालं. बाकीचे पाच गाळक ठणठणीत, आणि निवळी सगळ्यांना एकाच टाकीतली.

शुक्रवारी झाकण काढलं. वास आधी आला. आंबट नव्हे, दिवसभर रबरी बुटात राहिलेल्या पायाचा असतो तसा. एरवी पडद्यावरचा थर शेंबडासारखा, खरवडला की तुटतो. हा चिमट्यानं ओढला तर सलग सोलून निघाला. कोमट होता. ओढताना किंचित आखडला.

प्रयोगशाळेच्या निइनुमा-सान वीस वर्षं असले थर तपासताहेत, शेजारी डबा उघडून जेवताजेवता. त्यांनी दिव्याखाली पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. थराला बारीक छिद्रं होती. काही छिद्रांत काळी लव. आणि एका कडेला अठरा ठिपके, नऊ-नऊचे दोन चौकोन. तान्हेपणी टीबीची लस देताना नऊ सुयांचा ठसा दंडावर दोनदा मारतात. इथे ज्याच्या त्याच्या दंडावर ते असतात.

"निवळीत केस पडतात कधी कधी," मी म्हणालो.

"केस पडतात. लस पडत नाही," त्या म्हणाल्या. "बाही वर कर बघू."

मी केली. डावा दंड सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा होता. ठिपके नाहीत, लव नाही.

"तुझ्या आईनं टोचून घेतलीच नसेल रे ओइकावा," शिराहाता-सान म्हणाले.

"गेल्या महिन्यात गरम झऱ्यावर आंघोळीला गेलो तेव्हा तुम्हीच पाठ चोळलीत माझी. ठिपके होते ना?"

ते गाळकाच्या झाकणाचे बोल्ट मोजत राहिले. बोल्ट आठच असतात. बराच वेळ लागला.

तक्ता मागे घ्यायचं ठरवलं. त्यासाठी अर्ज असतो, आणि अर्जावर तक्त्यावरचाच शिक्का लागतो. मी शिक्का शाईत बुडवून दाबला. कोरं लाल वर्तुळ उमटलं. पुसून पुन्हा दाबला. नाव आलंच नाही.

शनिवारी मी उपाहारगृहात होतो, समोर करी-भात. तीन नंबरला सोडा सुरू झाल्याचं मला धुण्याच्या घंटेआधी कळलं. दंड चुरचुरला, मग पाठ, मग टाळू. आणि तोंडात निवळीची चव आली, साईसकट.

धार चाळीसवर आली.

सोमवारी गाळक काढला. थर पिशव्यांत भरून जाळायला गेले.

नवा बसवला. निइनुमा-सान आता माझ्या हातचा चहा घेत नाहीत.

दुसऱ्या सकाळी तक्त्यांच्या गठ्ठ्यात तीन नंबरचा तक्ता होता. मी भरलेला नव्हता. ताप छत्तीस पूर्णांक चार. जुलाब नाही. जखम नाही. खाली शिक्का अगदी स्वच्छ, ओइकावा.

माझा तक्ता दुबार म्हणून परत आला.

म्हणून हा अर्ज. विनंती अशी की, जाळण्यासाठी पाठवलेल्या थरापैकी डाव्या दंडाचा भाग अर्जदारास परत मिळावा, व तोपर्यंत तीन नंबरचा गाळक सोड्याने धुऊ नये. अर्जदाराचा शिक्का उमटत नसल्याने खाली अंगठा लावला आहे. त्यावर रेषा आढळल्या नाहीत तरी तो अंगठाच समजण्यात यावा.