मागल्या दारचा ग्रंथपाल

मी खरं सांगितलं तर एकानंही मानलं नाही. आणि दहा वर्षांची असताना खोटं सांगितलं, ते अख्ख्या गावानं एका दमात मानलं. म्हणून आता लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका निघतील, काढा. पण जे घडलं ते घडलं.

रहिमतपूरच्या रस्त्याला आमचं पेठेचं गाव. तिथल्या वाचनालयात मी शिपाई आहे. झाडलोट, कुलूप-किल्ली, चहापाणी. नवरा वारल्यावर माहेरी आले, तवा माझ्या भाच्यानं, विश्वजीतनं, ही नोकरी लावून दिली. तो वाचनालयाचा अध्यक्ष.

यंदा वाचनालयाला साठ वर्षं झाली. आजवरच्या ग्रंथपालांची नावं कोरून भिंतीला पाटी लावायचं ठरलं. अडलं ते पहिल्याच नावाला. पहिला ग्रंथपाल धोंडीबा. वीस वर्षं त्यानं वाचनालय चालवलं, पण शेवटी तक्रार होऊन काढून टाकलेला माणूस. त्याचा मुलगा प्रबुद्ध सांगलीहून दोनदा येऊन गेला. आवाज कधी चढवला नाही.

"पाटी करताय तर माझ्या वडिलांचं नाव पहिलं पाहिजे. नसलं तर का नाही, ते मला लेखी द्या."

विश्वजीत म्हणाला, "जुनी फाईल काढतो. शुक्रवारी बैठकीला या."

धोंडीबाचं काम कसं होतं ते आधी सांगते. वाचनालय भर पेठेत. खाली पानाचं दुकान, कट्ट्यावर कायम गडी बसलेले. आमच्या घरच्या बायका तिथं पाय ठेवायच्या नाहीत. म्हणून दिवे लागायच्या वेळी धोंडीबा सायकलला दोन पिशव्या अडकवून घराघराच्या मागल्या दारांनी फिरायचा. बौद्ध माणूस. आपल्यामुळं कुठल्या बाईला बोल लागू नये, म्हणून तो स्वतःच जपायचा. धुण्याच्या दगडावर पुस्तक ठेवायचा, चार पावलं मागं सरायचा, मग घंटी वाजवायचा. मी पळत जाऊन पुस्तक उचलायची आणि वहिनीला द्यायची. माझी वहिनी संयोगिता, कुंडलची, दहावी शिकलेली. सासूच्या भीतीनं ती पुस्तक तांदळाच्या डब्यात ठेवायची.

धोंडीबा लांबूनच म्हणायचा, "बाळ, वैनीला इचार, मागलं कसं वाटलं?"

आई त्या वेळी देवळात असायची, म्हणून वहिनी चुलीपासून ओरडायची, "शेवट लय रडका हाय म्हणावं!"

"बरं बरं. म्होरचं हसायचं आणतो."

त्या दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही.

माझा भाऊ, विश्वजीतचा बाप, आम्ही त्याला दादा म्हणायचो, फौजेत होता. १९८५ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला आणि डब्यात पुस्तक सापडलं. वहिनी रानात गेलेली. दादानं कमरेचा पट्टा काढला आणि मला विचारलं, "हे घरात कोण आणतंय?"

मीच आणत होते. पट्टा माझ्याच पाठीवर बसला असता. मी म्हणाले, "धोंडीबा. तो घरात येतोय. वैनीच्या हातात देतोय."

एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी पेठेत सायकल मोडली. धोंडीबाला माणसांदेखत मारलं. वहिनीला तीन वर्षं कुंडलला ठेवलं, आणि परत आल्यावर तिनं पुस्तकाला हात लावला नाही. आता पोरगी घराबाहेर नको म्हणून माझी शाळा बंद झाली. माझे वडील नाथाजी वाचनालयाच्या समितीत होते. तक्रारीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला.

आणि धोंडीबा? तो घरोघर एकच विचारत हिंडला. आता पुढल्या दारानं. "कोण म्हणालं? तेवढं सांगा. मी समोर बसून बोलतो." कुणी सांगितलं नाही. घरच्या पोरीचं नाव चार लोकांत घ्यायचं नसतं, अशी आमच्यातली रीत. माझं नाव झाकलं आणि त्याचं मातीत घातलं. तो सांगलीला हमाली करायला गेला. दोन वर्षांत मेला. पुढं वडील गेले, दादा गेला, वहिनी गेली. माहीत असलेली मी एकटी राहिले, आणि चाळीस वर्षं गप्प बसले.

तर फाईल आणायला विश्वजीतनं मला पाठवलं. १८ डिसेंबर, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घरची पूजा झाली होती, नैवेद्य व्हायचा होता. मी म्हटलं, जाऊन येते, मग उपास सोडते. पावणेआठला मागची खोली उघडली. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चाललेले, गाण्यांचा नुसता दणका. कपाटाच्या तळाशी फाईल मिळाली. दिव्याखाली धरून अर्ज वाचला. 'सदर ग्रंथपाल वाचकांच्या घरात शिरतात...' खाली पाच सह्या. अगदी शेवटी एक ओळ, 'हकीकत सांगणार', आणि पुढं नुसती टिंबं. वडिलांनी नाव घातलंच नव्हतं. त्या टिंबांवरनं मी बोट फिरवलं.

तेवढ्यात लाईट गेली.

ट्रॅक्टरही थांबले. गाणी थांबली. मोबाईल पुढच्या टेबलावर राहिलेला.

मागनं आवाज आला. सायकलचं स्टँड लावल्याचा. खट्ट.

मागं बोळ आहे. माणूस आडवा होऊन जाईल एवढाच. सायकल तिथं शिरत नाही.

"कोण हाय?"



मागल्या दाराची फट दिसत होती. फटीपलीकडं कुणीतरी उभं. दारात नाही. चार पावलं लांब.

"बाळ..."

 मी खाली बसले.

"बाळ, कोण म्हणालं गं?"

रागाचा आवाज नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. मी तोंडात पदर कोंबला. आणि तेव्हाही... पन्नास वर्षांची बाई मी, तेव्हाही...

"दादा," मी म्हणाले. "दादा म्हणाला."

 

"दादा फौजेत हुता, बाळ. त्याला कोण म्हणालं?"

...

तीनदा विचारलं. तीनदा मी गप्प. मग स्टँड निघाल्याचा आवाज आला. चाक फिरलं. सावकाश... लांब...

लाईट आली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दाराची आतली कडी लावलेलीच होती.

मी घरी गेले. फाईल विश्वजीतच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. बोळातलं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, माझ्या खोट्याचं सांगितलं.

तो हसला. "हरणाआत्ती, दिसभर उपाशी हायेस. चक्कर आली असंल."

"आणि मी खोटं बोलले ते?"

"दहा वर्साच्या पोरीच्या शब्दावर गाव हालतंय व्हय?"

"हाललं."

"आता गप बस. बाबा गेले, आता त्यांच्या नावाला बट्टा लावतीस?" त्यानं माझ्यादेखत फाईल लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली रात्रभर त्याच्या खिशात होती.

शुक्रवारी अकराला बैठक. समितीचे सात जण आणि प्रबुद्ध. मी चहा देत होते. विश्वजीत मोठ्यानं अर्ज वाचत होता. सह्यांपर्यंत नीट वाचलं. मग थांबला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद शेजारच्याला दिला. त्यानं बघितला, पुढं सरकवला. हातोहात कागद फिरला.  एकेक जण माझ्याकडं बघायला लागला.

प्रबुद्ध म्हणाला, "पुढं वाचा की. माझे वडील मरेपर्यंत तेवढंच विचारत होते."



मी ट्रे खाली ठेवला. कागद मागून घेतला.

"ताई, तुम्हाला वाचता येतं?" प्रबुद्धनं विचारलं.

"चौथीपर्यंत येतं," मी म्हणाले.

टिंबं नव्हती. तिथं अक्षर होतं, माझ्या वडिलांच्या वळणाचं. शाई वरच्या ओळींसारखीच जुनी, तपकिरी, कागदात मुरलेली. विश्वजीत आजही म्हणतो, ते पहिल्यापासून तिथंच होतं, तुला रात्री दिसलं नाही. म्हणू दे.

मी प्रबुद्धकडं बघितलं आणि मोठ्यानं वाचलं.

"हकीकत सांगणार, कुमारी हरणा नाथाजी."