नाडीपट

दारातल्या मुलीने प्रणिताच्या मनगटावर एक मऊ, राखाडी पट्टी चढवली. "नाडीपट्टी आहे मॅडम. खेळ संपला की बाहेरच्या डब्यात टाका," ती हसून म्हणाली आणि मागच्या प्रेक्षकाकडे वळली.

पुण्यात आता बहुतेक चित्रपटगृहांत असंच असे. बसलेल्या प्रत्येकाच्या नाडीचे ठोके पट्टीतून यंत्राकडे जात. ज्या दृश्याला ठोके वाढत, ते दृश्य यंत्र तिथल्या तिथे नवं रचून लांबवी. जिथे प्रेक्षक थंड पडत, ते गाळून टाकी. म्हणून अशा चित्रपटाला नाडीपट म्हणत. एकच कथा, पण दुपारचा खेळ सकाळच्यासारखा नसे.

"आई, रमाकांतने ते खून केले तेव्हा तू अकोल्यातच शिकत होतीस ना?" शेजारच्या खुर्चीत बसता बसता ईश्वरीने विचारलं. त्याच्यावरच्या या चित्रपटाच्या पूर्वखेळाचे पास तिलाच मिळाले होते. "तुरुंगातून सुटणार आहे म्हणे तो पुढच्या वर्षी."

"हो. पण मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे," प्रणिता म्हणाली. हे खोटं ती इतकी वर्षं बोलत आली होती की आता जीभ अडखळत नसे.

खरं असं होतं की त्याने मारलेल्या रेवतीच्याच खोलीत ती राहायची. दिवाळीला घरी जायचं म्हणून ती पलंगाखाली शिरून बॅग ओढत होती, तेवढ्यात दार वाजलं. गॅसची शेगडी तपासायला कोणी आलं होतं. मग रेवतीचा आवाज बदलला. प्रणिता होती तिथेच गोठली. तिला फक्त पाय दिसले, भेगाळलेल्या टाचांचे. पुढे रमाकांत बोटांच्या ठशांवरून सापडला, त्याने पाच खून कबूल केले, आणि प्रणिताच्या साक्षीची गरजच उरली नाही. तपास करणाऱ्या पोलीस अधिकारी कडूबाई तिला म्हणाल्या होत्या, "तुझं नाव कुठेच येऊ देत नाही, पोरी. तू तिथे होतीस हे त्याला कधी कळता कामा नये."

आज ती आली होती ती रेवतीसाठी. निदान पडद्यावर तरी ती कशी दिसते, ते पाहायला.

सुरुवातीला रेवती होतीही. गच्चीवर केस वाळवणारी, घरमालकिणीची नक्कल करून स्वतःच हसत सुटणारी. मग रमाकांत आला. प्रणिताने ऐकलेला माणूस घोगरा होता, शब्द चावत बोलायचा. पडद्यावरच्याचा आवाज खर्जातला, डोळे दुखावलेले. त्याच्या लहानपणीची एक हकिगत आली, सावत्र बापाचा मार आला. प्रेक्षागृहातले ठोके वाढले असावेत, कारण आणखी एक हकिगत आली, मग आणखी एक. रेवती आक्रसत गेली. तिचं हसणं गळालं, मग बोलणं गळालं. शेवटी तिची नुसती मान उरली, पाठमोरी, दिव्याच्या उजेडात.

"बिचारा वाटतो गं," ईश्वरी कुजबुजली.

तेवढ्यात पडद्यावर दार वाजलं आणि ती खोली दिसली.

ते सगळं झालं. झाल्यावर रमाकांत खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्याची नजर फिरू लागली. खिडकी. कपाट. पलंग. पलंगापाशी नजर येताच प्रणिताच्या छातीत धाडकन ठोका पडला. नजर पुढे भिंतीवर सरकली होती, ती थबकली आणि पलंगाकडे परत आली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. यंत्र तिच्या नाडीवरून वाट काढत होतं.

तिने श्वास रोखला. ठोके आणखीच वाढले. रमाकांत एक पाऊल पुढे आला. तिने पट्टी ओढून काढली, पण आता सगळं प्रेक्षागृहच पुढे झुकलं होतं. तो गुडघ्यांवर बसला, त्याने लोंबणारी चादर उचलली. आत अंधारात बॅगेला बिलगलेली एक मुलगी होती.

कोणीतरी किंचाळलं. ती आपणच, हे प्रणिताला दिवे लागल्यावर कळलं.

दिग्दर्शक मिहीर ओक मागच्या यंत्रकक्षात होता. ईश्वरी मागून हाका मारत होती, तरी प्रणिता थेट आत शिरली. "ते पलंगाखालचं काढून टाका," ती म्हणाली.

"मॅडम, ती मुलगी पटकथेत नव्हतीच!" तो आनंदाने फुलला होता. "यंत्राने रचली. आजवरचे सगळ्यांत जास्त ठोके त्या दृश्याला पडलेत. का काढू सांगा ना?"

प्रणिताने दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. न सांगता ते दृश्य जाणार नव्हतं.

"कारण ती मी होते."

ईश्वरी जवळ आली, तिने आईचा दंड घट्ट धरला. मिहीर खुर्चीत बसला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"पुसून टाका ना आत्ताच," ईश्वरी म्हणाली.

"माझ्याकडचं पुसेन. पण..." तो प्रणिताकडे बघेना. "कैद्याच्या चेहऱ्यावर त्याचाच हक्क, असा कायदा आहे आता. त्याचं नवं दृश्य रचलं गेलं की ते आपोआप तुरुंगात त्याच्या पडद्यावर जातं. मंजुरीसाठी."

"म्हणजे तो बघेल?" प्रणिताने विचारलं.

"बघितलंय. आत्ताच निरोप आला. मला वाटलं, उगाच काहीतरी विचारतोय." त्याने समोरचा पडदा तिच्याकडे फिरवला.

तिथे दोन ओळी होत्या. 'बाकी सगळं झकास जमलंय. पण पलंगाखाली कोणी होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?'

मिहीरची बोटं कळफलकावर अधांतरी थांबली होती. "सांगतो, की यंत्राने रचलंय. खरंच आहे ते. विश्वास ठेवेल तो?"

"काहीच लिहू नका," प्रणिता कशीबशी म्हणाली.

ईश्वरी त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती. मघाशी ज्याला ती बिचारा म्हणाली होती, तो आता तिला नीट दिसत होता.

"पण आई," ती अगदी हळू म्हणाली, "आपण गप्प राहिलो, तर त्यावरूनच त्याला कळणार नाही का?"